पेरणीच्या दिवसांत रोजचं वाचन: यूव्हर्जनचं मराठी बायबल कॅथलिक घराला किती पुरतं?

यूव्हर्जन हे बायबलचं ॲप फुकट मिळतं, त्यात जाहिराती येत नाहीत आणि मराठी बायबलच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या त्यात वाचता येतात. एवढ्यावरच ते कोणालाही सुचवावं असं आहे. इथे मात्र ते एका नेमक्या कामासाठी तपासलं आहे. खेड्यातल्या कॅथलिक कुटुंबाला रोजच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, वाचनं मराठीतून, घरी, सांजेच्या प्रार्थनेत वाचायची असतील, तर हे ॲप किती कामाचं? ज्या गावात फादर महिन्यातून एक-दोनदाच पोहोचतात आणि एरवीच्या रविवारी कॅटेकिस्टच, म्हणजे गावातले धर्मशिक्षकच, प्रार्थना घेतात, तिथे हा प्रश्न हौसेचा नाही. बाकीच्या ख्रिस्तसभेबरोबर आपण रोज जोडलेले राहतो ते या वाचनांनीच.

बायबल म्हणून या ॲपला पाचपैकी साडेचार. रोजच्या मिस्सा-वाचनांसाठी पाचपैकी अडीच. उरलेलं काम वहीत करावं लागतं. ते कसं करायचं आणि कुठे चुकतं, यालाच खाली जास्त जागा दिली आहे.

आधी ॲप नीट बसवून घ्या

बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात, नेट धड चालत असलं, की हे काम उरकून घ्यावं. ॲपमध्ये बायबल उघडल्यावर वर आवृत्तीचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवलं की भाषा निवडता येते. मराठीत बायबल सोसायटी ऑफ इंडियाची 'पवित्र शास्त्र' ही आवृत्ती जुन्या वळणाची आहे; मोठ्याने वाचायला तिची लय चांगली. सोप्या भाषेतली आवृत्ती सातवी-आठवीतल्या पोरांना लवकर समजते. दोन्ही ठेवा.

आता डाउनलोड. ही सोय सगळ्या आवृत्त्यांना सारखी नाही, कारण मजकुराचे हक्क ज्याच्या त्याच्या प्रकाशकाकडे असतात. ज्या आवृत्तीला डाउनलोडची खूण नाही, ती मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावात उपयोगाची नाही. डाउनलोड खरंच झालं का, हे बघायची खात्रीची रीत अशी: फोन विमान मोडवर टाका आणि कधी न उघडलेलं एखादं पुस्तक उघडा, हबक्कूक किंवा फिलेमोन. कालच वाचलेला मत्तय उघडून बघू नका. उघडलेला अध्याय फोन लक्षात ठेवतो आणि सगळं उतरल्याचा भास होतो. ऑडिओला नेट लागतंच, असं धरून चाला.

अक्षर मोठं करा, दोन ओळींतलं अंतर वाढवा. एक फोन चौघांत फिरतो तेव्हा डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाच्या सोयीनं अक्षर ठेवायचं. प्रार्थनेच्या वेळी फोन विमान मोडवरच असू द्या. खुणा आणि टिपा ठेवायच्या असतील तर खातं उघडावं लागतं; नुसतं वाचायला लागत नाही.

शब्दांचा एक फरक सुरुवातीलाच सांगून ठेवावा. 'पवित्र शास्त्र' आवृत्तीत जिथे 'मंडळी' येतं, तिथे मराठी कॅथलिकांच्या तोंडी 'ख्रिस्तसभा' असतं. पेत्राला येशूने म्हटलेलं, खडकावर मंडळी रचण्याचं वाक्य मत्तय १६:१८ मध्ये आहे. ते २९ जूनला संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाला येतं, आणि २०२६ मध्ये २३ ऑगस्टच्या रविवारीही. मुलं विचारतात, ही कोणती मंडळी? तेव्हा थांबून सांगा. भाषांतर चुकीचं नाही, परंपरा वेगळी आहे.

'आजचं वचन' म्हणजे आजचं वाचन नव्हे

ॲप उघडलं की समोर 'आजचं वचन' येतं. या परीक्षणात सगळ्यात वजनाचा मुद्दा हाच आहे. ते एक वचन असतं, बहुधा धीर देणारं, मागचापुढचा मजकूर सोडून एकटं उभं केलेलं. चर्चच्या वाचनक्रमाशी त्याचा संबंध नसतो. चिठ्ठी उचलावी आणि त्यात आपल्याला हवं तेच निघावं, अशी सवय त्यातून लागते. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे रोज एक गोड ओळ मिळणं, असा समज हळूहळू पक्का होतो. ज्या दिवशी ती ओळ खोटी वाटते, त्या दिवशी वाचन सुटतं.

चर्चचा वाचनक्रम याच्या उलट चालतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर १९६९ साली आलेल्या या क्रमात आज काय वाचायचं हे आपण ठरवत नाही. साध्या दिवशी पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र आणि शुभवर्तमान; रविवारी त्यात दुसऱ्या वाचनाची भर. सामान्य काळात, म्हणजे नाताळ, उपवास, पुनरुत्थान असे खास काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, आठवड्याच्या दिवसांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं: पहिले नऊ आठवडे मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय, बाविसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंत लूक. पहिलं वाचन मात्र एकाआड एक वर्षी बदलतं.

याचा परिणाम २० जून २०२६ च्या शनिवारी नीट दिसतो. सामान्य काळाचा अकरावा आठवडा. शुभवर्तमान मत्तय ६:२४-३४: आकाशातली पाखरं पेरत नाहीत, रानातली फुलं कष्ट करत नाहीत, उद्याची चिंता करू नका. विदर्भात हे दिवस कसले असतात, ते सांगायला नको. बियाणं घरात येऊन पडलेलं, उधारी झालेली, नजर ढगाकडे. या उताऱ्यातली एखादी ओळ 'आजचं वचन' म्हणून आली तर कास्तकाराला ती गुळचट लागेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण त्याच दिवशीचं पहिलं वाचन आहे २ इतिहास २४:१७-२५. यहोयादाचा मुलगा जखऱ्या राजाला आणि लोकांना खरं बोलून दाखवतो, म्हणून मंदिराच्या अंगणातच त्याला दगडांनी मारतात. चिंता करू नका, हे वाक्य चर्च त्या दिवशी या खुनाच्या शेजारी ठेवून वाचतं.

हा मेळ कोणी मुद्दाम घातलेला नाही. रविवारी पहिलं वाचन शुभवर्तमानाला धरून निवडलेलं असतं, पण सामान्य काळातल्या आठवड्याच्या दिवसांत दोन्ही आपापल्या ओळीने चालतात. म्हणून त्या दोघांत ओढूनताणून नातं शोधू नये. पुष्कळ मननं इथेच घसरतात. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि दोन्ही खरे धरायचे. वर्ष चुकलं, २०२५ ची वाचनांची यादी हातात राहिली, तर त्या शनिवारी पहिलं वाचन २ करिंथ १२:१-१० निघेल, जिथे पौलाला देवाची कृपा पुरे असल्याचं सांगितलं आहे. तेही सुंदर आहे, पण या वर्षाचं नाही.

वही: महिन्याचं एक पान

यादी कुठून आणायची? लॅटिन विधीच्या, म्हणजे रोमच्या उपासना-परंपरेतल्या, भारतीय धर्मप्रांतांसाठी दरवर्षी उपासनेची पुस्तिका निघते. तिला 'ऑर्डो' म्हणतात, आणि ती फादरांकडे असतेच. महिन्याच्या पानाचा फोटो मागा. कित्येक चर्च-दिनदर्शिकांवरही वाचनं छापलेली असतात. तेही जमलं नाही तर नेटवरची इंग्रजी किंवा हिंदी यादी चालेल, पण ती कोणत्या देशाची आहे ते आधी पाहा. संत फ्रान्सिस झेवियर यांचा ३ डिसेंबर भारतात महासण आहे, त्या दिवशी मार्क १६:१५-२० हे सणाचं शुभवर्तमान येतं. परदेशी यादीत त्या जागी आगमन काळातलं, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतलं, साधं वाचन दिसू शकतं. स्वर्गारोहणाचा सण आपल्याकडे रविवारी करतात, काही देशांत गुरुवारी.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, पहिलं वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान. रविवारी दुसऱ्या वाचनासाठी तारखेखाली एक ओळ सोडा. वर वर्ष लिहा. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: अ म्हणजे मत्तय, ब म्हणजे मार्क, क म्हणजे लूक. ज्या सनाला तीनाने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. २०२५ क होतं, २०२६ अ आहे, २०२७ ब. आठवड्याच्या दिवसांसाठी विषम सन पहिलं वर्ष, सम सन दुसरं. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमन काळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. २०२७ चं वर्ष २९ नोव्हेंबर २०२६ लाच लागतं. डिसेंबरात जुनी यादी चालवणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

आकड्यांपुढे कधी अ, ब अशी अक्षरं असतात. त्याचा अर्थ वचनाचा पहिला किंवा दुसरा भाग. स्वल्पविराम म्हणजे मधली वचनं गाळली आहेत. घरी वाचताना ती गाळायची गरज नाही; गाळलेलं वाचलं तर बहुतेक वेळा अर्थ जास्त उलगडतो.

आकडे का जुळत नाहीत

इथेच नवशिका माणूस कंटाळून सोडतो, म्हणून हे सावकाश. मिस्सेच्या यादीतले आकडे पुष्कळदा हिब्रू बायबलच्या मोजणीने असतात. ॲपमधल्या मराठी आवृत्त्यांची मोजणी इंग्रजी प्रोटेस्टंट परंपरेतली. मजकूर तोच, क्रमांक पुढेमागे.

स्तोत्रांत हे रोज भेटतं. पुष्कळ स्तोत्रांच्या वर 'मुख्य गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र' अशी ओळ असते. हिब्रू मोजणीत तिला पहिलं वचन धरतात, मराठीत धरत नाहीत. म्हणून यादीतल्या आकड्यातून एक वजा करायचा. स्तोत्र ५१, ५२, ५४ आणि ६० यांत मथळा दोन वचनांचा, म्हणून तिथे दोन वजा. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवास काळाच्या पहिल्या दिवशी, यादीत ५१:३-४ असेल तर मराठीत ५१:१-२ वाचा. १२-१३ असेल तर १०-११. स्तोत्र २३, ८६, १०३ यांना हा नियम लागत नाही, तिथे मथळा पहिल्याच वचनात सामावलेला आहे. खातरजमा सोपी आहे. यादीतला शेवटचा आकडा मराठीत सापडलाच नाही, तर सगळेच आकडे सरकलेले आहेत. १२ जुलै २०२६ च्या रविवारी स्तोत्र ६५:१०-१४ येतं आणि मराठीत ते स्तोत्र १३ व्या वचनालाच संपतं. वाचायचं आहे ६५:९-१३.

काही जुन्या पुस्तकांत स्तोत्राचा क्रमांकच एकाने मागे असतो, कारण लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच मानतात. 'स्तोत्र २२' म्हणून मेंढपाळाचं स्तोत्र दिलं असेल तर गोंधळू नका, ते आपलं तेविसावं.

संदेष्ट्यांच्या पुस्तकांतल्या या जागा वहीच्या मागच्या पानावर कायमच्या लिहून ठेवाव्यात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचं पहिलं वाचन यशया ९:१-६, मराठीत ९:२-७. न बदलता वाचलं तर शेवटचं वचन गळतं. पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाच्या) आदल्या सांजेचं योएल ३:१-५, मराठीत २:२८-३२. दरवर्षी २३ डिसेंबरला मलाखी ३:१-४ नंतर ३:२३-२४ येतं. मराठीत मलाखीचा तिसरा अध्याय तेवढा लांब नाही; ती वचनं ४:५-६ मध्ये आहेत. मीखा ५:१-४ म्हणजे ५:२-५.

जे ॲपमध्ये नाहीच

कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलात ६६. ॲपमधल्या मराठी आवृत्त्या दुसऱ्या प्रकारच्या. तोबित, यहुदिथ, मक्काबींची दोन पुस्तकं, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख त्यांत नाहीत. एस्तेर आणि दानीएल यांचे ग्रीक भागही नाहीत. हा ॲपचा दोष म्हणता येणार नाही, पण कॅथलिक वाचकाला खरी उणीव जाणवते ती इथे.

२०२६ च्या उपवास काळाचंच पाहा. २६ फेब्रुवारीला राणी एस्तेरची प्रार्थना, १० मार्चला अग्नीच्या भट्टीतल्या अजऱ्याची प्रार्थना, २० मार्चला ज्ञानग्रंथाचा दुसरा अध्याय, २३ मार्चला सुसान्नेची गोष्ट, म्हणजे दानीएल १३. चारही दिवशी पहिलं वाचन ॲपमध्ये मिळत नाही. दानीएल ३:२५, ३४-४३ शोधणाऱ्याला तर वेगळाच फटका बसतो: मराठीत दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात २५ वं वचन आहे, पण तिथे भट्टीत चार माणसं फिरताना दिसल्याचं राजा बोलतो, आणि ३० व्या वचनाला अध्याय संपतो. वाचणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं.

मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला आणि अंत्यविधीत नेहमी वाचला जाणारा ज्ञानग्रंथ ३:१-९ हाही असाच गैरहजर. नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, हे सांगणारा तो उतारा गावात कोणी गेल्यावर ऐन वेळी शोधत बसू नये. ७३ पुस्तकांच्या प्रतीतून तो आधीच हाताने लिहून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवा.

छापील प्रत विकत घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका. अनुक्रमणिका उघडा, जुन्या करारात ४६ नावं आहेत का मोजा, निदान तोबित आणि बेनसिरा दिसतात का पाहा. मिस्सा हिंदीत ऐकणाऱ्यांच्या घरी हिंदी कॅथलिक बायबल असलं तर ही पोकळी तेवढ्यापुरती हिंदीतून भरावी. एक वाचन हिंदीत आणि बाकीची मराठीत झाली म्हणून काही बिघडत नाही.

सण आणि विधी

साध्या दिवसावर सण आला की सणाची वाचनं चालतात आणि त्या दिवसाचं ओळीतलं वाचन सुटतं. २०२६ मध्ये सव्विसाव्या आठवड्यात ईयोबाचं पुस्तक सुरू होतं. सोमवारी २८ सप्टेंबरला ईयोबावर संकटं कोसळतात. मंगळवारी तो आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, तो तिसरा अध्याय यायचा. पण तो दिवस २९ सप्टेंबर, महादूतांचा सण, म्हणून तो बाजूला राहतो. घरी वाचणाऱ्यांनी तो अध्याय गाळू नये, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. सणाची वाचनं झाल्यावर ईयोब ३ वेगळा वाचा. तो नसेल तर गुरुवारी, १ ऑक्टोबरला येणारं 'माझा उद्धारकर्ता जिवंत आहे' हे एकोणिसाव्या अध्यायातलं उद्गारणं फार स्वस्तात मिळाल्यासारखं होतं.

नागपूर आणि अमरावती हे धर्मप्रांत लॅटिन विधीचे. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा मुलूख मात्र चांदा धर्मप्रांताकडे, आणि तो सिरो-मलबार विधीचा, म्हणजे केरळातून आलेल्या पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरेचा. तिथल्या मिस्सेचा वाचनक्रम आणि काळांची नावंही निराळी: मंगलवार्ता, देन्हा, मोठा उपवास, पुनरुत्थान, प्रेषित, कैता, एलिया-क्रूस-मोशे, चर्च-समर्पण. उपवास सुरू होतो तो सोमवारी, राखेच्या बुधवारी नाही. हिंगणघाटच्या घराने अमरावतीच्या नातेवाइकाकडून यादी घेतली तर वर्षभर आकडे जुळणार नाहीत. आपल्या चर्चमध्ये जो विधी चालतो, त्याचीच यादी घ्या.

वाचायला बसल्यावर

जेवणाआधीची वेळ बरी, नंतर झोप येते. पहिलं वाचन एकाने, स्तोत्र सगळ्यांनी मिळून, शुभवर्तमान दुसऱ्याने. मग घड्याळ लावून दोन मिनिटं गप्प. मग शुभवर्तमान पुन्हा एकदा. त्यानंतर प्रत्येकाने ऐकलेल्यातलं एकच वाक्य मोठ्याने म्हणायचं, स्पष्टीकरण न देता. शेवटी त्याच वाक्यावरून प्रार्थना. वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन ही चार पायऱ्यांची जुनी रीत आहे. बाराव्या शतकातले कार्थुसी संन्यासी गिगो दुसरे यांनी ती नेमकी मांडली. खेड्यातल्या घराला ती जड नाही. जड होतं ते लांबलेलं प्रवचन.

ॲपमध्ये मननाच्या तयार योजनाही असतात. त्या पुष्कळदा इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका, परंपरेतल्या. त्यांतल्या चांगल्या घ्याव्यात, पण एका ठिकाणी सावध राहावं. विश्वास ठेवला की कर्ज फिटेल, पीक येईल, आजार पळेल, असं ज्या मननात सरळ वचन दिलेलं असतं, ते बंद करा. मत्तय सहाव्या अध्यायात येशूने पिकाची हमी दिलेली नाही. तुम्हाला कशाची गरज आहे हे पित्याला ठाऊक आहे, असं तो म्हणतो, आणि ज्या त्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असंही म्हणतो. म्हणजे दुःख आहे हे तो नाकारत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ३०५ व्या परिच्छेदात याच उताऱ्यावरून लेकरासारखा भरवसा सांगितला आहे. लेकरू बापाकडे मागतं, रडतं, रागावतं, आणि तरी त्याच्याचकडे जातं.

जुलै २०२६ ची वाचनं या दृष्टीने सलग वाचण्यासारखी आहेत. १२ जुलैला, पंधराव्या रविवारी, यशया ५५:१०-११: पाऊस जमीन भिजवल्यावाचून परत जात नाही, तसं देवाचं वचन. स्तोत्र ६५: तू भूमीकडे येऊन तिला पाणी देतोस. शुभवर्तमान मत्तय १३:१-२३, पेरणाऱ्याचा दाखला. तिफणीने ओळीत पेरणाऱ्या माणसाला हा पेरणारा गबाळा वाटतो. वाटेवर आणि काट्यांत बी टाकतोच कशाला? तिकडे, येशूच्या मुलखात, बी हाताने फेकून पेरत, तेही पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. हे सांगितलं की दाखला लागतो. खडकाळ जमिनीवर बी लवकर उगवतं आणि उन्हाने करपतं, हे मात्र समजवावं लागत नाही. बरड वावरात पहिल्या पावसावर उगवून आलेलं आणि खंड पडताच वाळलेलं शिवार, आणि मग दुबार पेरणी, हे इथल्या पोरांनाही माहीत असतं.

१९ जुलैला गहू आणि निदण, म्हणजे त्यात उगवलेलं तण, यांचा दाखला. त्या रविवारचं पहिलं वाचन ज्ञानग्रंथ १२:१३, १६-१९, म्हणजे पुन्हा ॲपमध्ये नाही. मालक निंदायला मना का करतो, असा प्रश्न इथे हमखास निघतो, कारण आपल्याकडे निंदण जितकं लवकर तितकं बरं. त्या निदणाचं रोप ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं आणि मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून.

आणि मंगळवारी २८ जुलैला यिर्मया १४:१७-२२. हा अध्यायच अवर्षणावरचा आहे. वाचणाऱ्याने १४:१ पासून सुरुवात करावी: रिकामी भांडी घेऊन परतणारी माणसं, भेगाळलेली जमीन, डोकं झाकून घेतलेले नांगरणारे. लोक देवाला विचारतात, तू आम्हाला टाकूनच दिलंस का? आणि शेवटी म्हणतात, पाऊस पाडणारा तूच, आम्ही तुझीच वाट पाहतो. पाऊस आला की नाही, हे त्या उताऱ्यात सांगितलेलं नाही. पावसाच्या वचनानंतर सोळा दिवसांनी चर्च हे वाचायला देतं. ही वाचनं ॲपमधून व्हॉट्सॲपवर पाठवताना वचनं निवडून मजकूर म्हणून पाठवा, चित्र म्हणून नको. मजकुराला नेट कमी लागतं आणि म्हाताऱ्या माणसाला अक्षर मोठं करून वाचता येतं.

पुढच्या वर्षासाठी छापील प्रतीची तजवीज आत्ताच केलेली बरी. २०२७ हे आठवड्याच्या दिवसांसाठी पहिलं वर्ष, आणि त्यात ॲप जास्तच अपुरं पडेल. पेन्टेकॉस्ट १६ मेला आहे. १८ मेपासून त्या आठवड्याभर आणि पुढचा आठवडाही पहिलं वाचन बेनसिराचं, जूनच्या पहिल्या आठवड्यात तोबित, नोव्हेंबरात आधी ज्ञानग्रंथ आणि मग मक्काबी. त्यातलं १८ मेच्या मंगळवारचं वाचन आहे बेनसिरा २:१-११: प्रभूची सेवा करायला येतोस तर कसोटीला तयार राहा, त्याच्यावर भरवसा ठेव, तो तुला हात देईल. ते पान आधीच उतरवून घ्या. तेव्हा खरिपाची तयारी सुरू असते आणि शोधायला वेळ मिळत नाही.